मडमेचं शेत

करुणाताई,

इथल्या मिरकाब वस्तीतली तुमची खोली परवा शुक्रवारी रिकामी करून दिली. फार वेळ लागला नाही. दोन सुटकेसी, स्टोव्ह, पांढऱ्या गणवेशाचे चार जोड, भिंतीवरचा क्रूस आणि खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल. तो तुम्ही हॉस्पिटलात दाखल व्हायला निघालात त्या दिवशी घातलेला असणार. हवेतल्या धुळीने तो पापडासारखा कडक झाला होता. इमारतीचा हारिस, तो इजिप्तचा म्हातारा रखवालदार, सामान उतरवायला मदत करत होता. "मिस्कीन, मिस्कीन," म्हणजे बिचारी, असं सारखं पुटपुटत होता. शेवटी त्याने विचारलं, "तुम्ही सिस्टरच्या कोण? बहीण?"

मी हो म्हटलं.

हॉस्पिटलच्या बोर्डावर तुमच्याबद्दल चार ओळी लागल्या आहेत. किती वर्षं नोकरी, कुठला वॉर्ड, किती प्रेमळ. सगळं खरं आहे. मला जे लिहायचं आहे ते त्या चार ओळींत बसणारं नाही, आणि ते तुम्ही जिवंत असताना तोंडाने सांगायचं होतं. ते मी केलं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

तुमची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी ओरडत होते. कुवेतला येऊन मला जेमतेम आठ महिने झाले होते. यजमान रिफायनरीत इंजिनियर, त्यांचं शटडाऊनचं काम चाललेलं, निरोप पोचला की नाही तेही कळत नव्हतं. प्रसूतीच्या खोलीत आजूबाजूला अरबी, मल्याळम, इंग्रजी. मी "आई गं, आई गं" करत होते आणि मागून आवाज आला, "आईला कशाला हाका मारतेस? ती काय समुद्र ओलांडून येणार आहे? मी आहे ना. लाव जोर."

मराठी ऐकून मला रडूच फुटलं. तुम्ही म्हणालात, "रड नंतर. आधी जोर."

मीनल झाली. तिला पुसून माझ्या कुशीत देताना तुम्ही गाव विचारलंत. मी सांगितलं, तसे तुमचे हात थांबले. "घाटमाथ्यावरचं? अगं, माझ्या वडलांचं मूळही त्याच तालुक्यातलं. म्हणजे आपली एस.टी. एकच." पुढे मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, तीही तुमच्या शिफारशीने. तुम्ही मला एकेरीत बोलवायचात, मी तुम्हाला ताई म्हणू लागले. अबू हलीफा भागातल्या आमच्या घरी तुमचा शुक्रवार ठरून गेला. सकाळी बसने यायचात, पिशवीत झुबेदी घेऊन. पापलेटला इथे झुबेदी म्हणतात हे मला तुम्हीच शिकवलंत आणि ते तळताना रवा किती लावायचा तेही. तुम्हाला स्वतःचं घर नव्हतं, लग्न केलं नव्हतं, पण आमच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवायचात.

शोध सुरू झाला तो एका सरकारी खिडकीवर. मीनल तेव्हा तीन वर्षांची असेल. तुमचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नव्याने करायचा होता आणि मी सोबत आले होते. फॉर्मवर इथल्या पद्धतीप्रमाणे आपलं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, मग आडनाव. तुम्ही आजोबांची जागा कोरी सोडली होती. खिडकीतला कारकून वयस्क होता, मोडकंतोडकं हिंदी बोलायचा.

"जद्द का नाम?"

"नहीं है."

"नहीं है? सब आदमी का जद्द होता है, सिस्टर."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच कळेना. मागे रांग वाढली. शेवटी त्याने तुमच्या वडलांचंच नाव दोनदा लिहून टाकलं. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात. मग म्हणालात, "शैला, माझे आजोबा इंग्रज होते. टाणली साहेब म्हणायचे गावात. खरं नाव काय, कोणाला माहीत नाही. आजी त्याच्या बंगल्यावर कामाला होती. लग्नबिग्न काही नाही. नाव तरी कुठून लिहू?"

तुमचे घारे डोळे मी रोज पाहत होते, पण कधी विचार केला नव्हता.

त्यानंतर तुम्ही तुमच्या भावाला, शांतवनभाऊंना, पत्र घातलंत. ज्या मिशनच्या अनाथाश्रमात तुमचे वडील वाढले तिथलं जुनं रजिस्टर बघायला सांगितलंत. दोन महिन्यांनी उत्तर आलं. मुलगा आठ वर्षांचा, दाखल केल्याची तारीख, बाप थॉर्नली नावाचा युरोपियन मळेवाला, मयत. आई साळू, प्लेगने मयत. आणणारा, मळ्यावरचा कारकून. मळ्यावरून आला म्हणून मिशनने मुलाचं आडनाव लावलं मळेकर. ते पत्र तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर उलगडलंत आणि त्यावर दोन्ही हात पसरून बसलात, वाऱ्याने उडू नये म्हणून. वारा नव्हता. खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता.

मग सहा वर्षं थॉर्नली कुटुंब आमच्या घरी राहिलं म्हणायला हरकत नाही. दर शुक्रवारी जेवणं झाली की तुम्ही यजमानांचा टाइपरायटर काढायचात आणि मी तुमचं इंग्रजी नीट करून टाइप करायची. लंडनला, जिथे जुन्या मृत्युपत्रांच्या नकला मिळतात तिथे. मुंबईला हायकोर्टात. आपल्या तालुक्याला जमिनीच्या जुन्या उताऱ्यांसाठी. उत्तरं महिन्यामहिन्यांनी यायची, कधी यायचीच नाहीत. पण हळूहळू माणसं गोळा झाली. थॉर्नलीचा बाप सिलोनमध्ये कॉफीचा मळेवाला. त्याच्या मृत्युपत्रात तीन मुलगे. थोरल्याला सिलोनचा मळा, मधला आसामात चहाकडे गेला, धाकट्याने आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर जंगल तोडून कॉफी लावली. तो तुमचा. एक बहीण इंग्लंडात, लग्न न केलेली. तिने मरताना भावांच्या नावाने चर्चमध्ये पितळी पाटी लावायला सांगितलं होतं.

एकदा मीनलने विचारलं, "मावशी, इज ही अ बॅड मॅन?"

तुम्ही तिला जवळ घेतलंत. "माहीत नाही गं. तेच शोधतेय."

आपलं भांडण तेच होतं, करुणाताई, आणि ते कधी मिटलं नाही. मी म्हणायची, या लोकांनी डोंगर बळकावले, माणसं राबवली, बायका ठेवल्या आणि टाकल्या. त्यांच्या कागदांत तुम्ही काय शोधता? तुम्ही शांतपणे म्हणायचात, "त्याला नाही शोधत. त्याच्या कागदात तिला शोधतेय. तिचं नाव कुठे तरी असेल. एवढी वर्षं राहिली त्या घरात." मी चिडून म्हणायची, "नसलं तर?" तुम्ही म्हणायचात, "नसलं तर नसलं, पण बघू तर दे."

शेवटी त्याचं स्वतःचं मृत्युपत्र आलं. तो आजारी पडून विलायतेला निघाला होता आणि बोटीत बसायच्या आधीच मुंबईत वारला. मी वाचून दाखवत होते. बंदूक शेजारच्या मळेवाल्याला. घड्याळ पुतण्याला. घोडा विकायचा नाही, गोळी घालायची, म्हणजे कोणी गाड्याला जुंपणार नाही. कुत्री, नाव जूनो, ती कलेक्टरच्या बायकोकडे द्यावी, तिला थंडी सोसत नाही तेव्हा घरात झोपू द्यावं. उरलेलं सगळं बहिणीला. सही.

"परत बघ," तुम्ही म्हणालात.

मी परत बघितलं. साळू नव्हती. मुलगा नव्हता.

"कुत्रीला थंडी सोसत नाही," तुम्ही म्हणालात. एवढंच. मग उठून भांडी घासायला गेलात.

पण तुम्ही सोडलं नाहीत. अजून जमिनीचा उतारा यायचा बाकी होता. आणि त्या दिवसांत तुम्ही मला वडलांची ती गोष्ट सांगितलीत. आई मेली तेव्हाचं त्यांना एकच आठवत होतं. पागोट्यातला एक माणूस त्यांना बैलगाडीतून मिशनच्या फाटकापर्यंत घेऊन आला. वाटेत त्याने खडीसाखर दिली. थंडी होती म्हणून आपली शाल पांघरली. फाटकात उतरवून म्हणाला, "इथं बस हां, मी येतो." वडील म्हातारे होईपर्यंत म्हणत, मी अजून त्याची वाट बघतोय. आणि हसत.

"कारकूनच तो," तुम्ही म्हणालात. "रजिस्टरात लिहिलंय. सगळ्यांत तोच एक देवमाणूस निघाला बघ. नाही तर प्लेगात पोरकं पोर कोण उचलतं? मी त्याच्यासाठी प्रार्थना करते. नाव माहीत नाही, तरी करते."

त्या वर्षी रजेवरून येताना तुम्ही उताऱ्याची झेरॉक्स घेऊन आलात. शांतवनभाऊंनी तहसील कचेरीत खेटे घालून मिळवलेली. एकच पान, सगळं मोडीत. तुम्हाला मोडी येत नव्हती, मला नव्हती, तुमच्या भावालाही नाही. माझ्या वडलांना येत होती. ते पुण्यात होते. "तुझ्या वडलांना पाठव," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या कोणाकडे नको. घरचं माणूस वाचेल ते बरं." मी एक प्रत काढून ठेवली आणि तुमचं पान बाबांना पाठवलं.

बाबांचं पत्र आलं ते हॉस्पिटलच्या पत्त्यावर. एरवी ते नेहमी घरी पत्र घालत. मी लॅबमध्ये उभ्याने वाचलं. सुरुवातीला "चि. सौ. शैला हिस अनेक आशीर्वाद", मग सरळ मजकूर.

पानावर दोन नोंदी होत्या. पहिली, साहेबाने मळा सोडून जाण्याच्या थोडी आधीची. बंगल्याखालचा तुकडा, विहीर आणि दोन खोल्यांसह, त्याने नावावर करून दिला होता. खातेदाराच्या रकान्यात ना नवऱ्याचं नाव ना बापाचं. नुसतं, "साळू, खुद्द."

करुणाताई, म्हणून ती मृत्युपत्रात नव्हती. तिचं आधीच तिला देऊन झालं होतं. त्याने ते जिवंतपणी, गावच्या कागदात, तिच्या एकटीच्या नावाने केलं होतं. ती तीन वर्षं त्या जमिनीची मालकीण होती. तुमचे वडील त्या विहिरीचं पाणी प्यायले.

दुसरी नोंद तीन वर्षांनंतरची. साळूने राजीखुशीने जमीन सोडली. निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. जमीन चढली मळ्यावरच्या कारकुनाच्या नावावर. त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव. ते माझ्या आजोबांचं नाव होतं.

बाबांनी लिहिलं होतं, "अक्षरही आबांचंच आहे. मला मोडी त्यांनीच शिकवली, मी ओळखणार नाही तर कोण? तू तारीख कळवली होतीस त्या मिशनच्या नोंदीची. बाई त्याआधी वारली होती. अंगठा त्यानंतर चार महिन्यांचा आहे. तुझ्या मैत्रिणीला कळव की शाई पसरली आहे, लागत नाही. मी आहे तोवर आबांचं नाव यात येऊ नये. माझ्यामागे तुला वाटेल ते कर."

मला ते शेत माहीत होतं. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे करवंदं खायला जायचो. पडक्या बंगल्याच्या खाली, विहिरीपाशी. आमच्या घरात त्याला मडमेचं शेत म्हणत. मडम कोण, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं असेल कोणी गोरी. पुढे ते विकलं आणि त्यातून माझं पुण्याचं शिक्षण झालं. ज्या शिक्षणाच्या जोरावर मी कुवेतच्या लॅबमध्ये उभी राहून ते पत्र वाचत होते.

आबा मला आठवतात. कडक नव्हते. मला मांडीवर बसवून पाटीवर श्री काढायला शिकवलं. त्यांनी कोणाच्या अंगठ्याला शाई लावली असेल? स्वतःच्या? आजीच्या? तुमच्या वडलांना आपली शाल पांघरली तीही त्यांनीच. त्यांना त्या मुलाची दयाही आली असेल, आणि तरी त्यांनी ते केलं. मी ही दोन्ही माणसं अजून एकत्र आणू शकलेले नाही.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही आलात. चप्पल काढता काढता विचारलंत, "आलं का गं?"

मी कणीक मळत होते. तुमच्याकडे पाठ होती. "आलं," मी म्हटलं. "पण बाबा म्हणतात शाई पसरलीय. लागत नाही काही."

"काहीच नाही?"

"नाही."

"नाव तरी? साळू?"

"नाही हो, ताई."

तुम्ही खुर्चीवर बसलात. मी पोळ्या लाटल्या. तीन पोळ्या झाल्यावर तुम्ही म्हणालात, "सोड आता. पुरे झालं. कुत्रीची व्यवस्था केली त्याने, तिची नाही केली. तिला हाकलूनच दिलं असणार. नाही तर प्लेगात अशी बेवारशी कशाला मेली असती?"

मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. मी म्हटलं, "जेवायला बसता ना?"

त्या दिवसापासून तुम्ही टाइपरायटरला हात लावला नाहीत. आणि एक बदल झाला, तो दुसऱ्या कोणाला दिसला नसेल. वॉर्डात एकटी बाळंतीण आली, नवरा पळून गेलेली, मालकाने टाकलेली, तर पूर्वी तुम्ही तिच्याशी खूप बोलायचात. आता नुसतं काम करायचात, हलक्या हाताने, न बोलता. एकदा म्हणालात, "काय सांगायचं त्यांना? सगळं ठीक होईल म्हणून? होत नाही गं."

मी बाबांशी भांडले नाही असं नाही. रजेवर गेले तेव्हा विचारलं, "त्या बाईला एवढंच हवंय की तिच्या आजीला कोणी टाकलं नव्हतं. जमीन नकोय तिला. सांगू का?" बाबा पंचाहत्तरीचे. अंथरुणावर उठून बसले. "आजीला टाकलं नाही हे सांगशील, तर पुढचंही सांगावं लागेल. पहिली ओळ सांगून दुसरी कशी झाकशील? तिला विचारता येतं." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी काय आता फार वर्षं नाही. थांब थोडी." मी थांबले. बाबा अजून आहेत. गेलात तुम्ही.

या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला तुमच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे डाग. रक्त काढायला तुम्ही माझ्याकडेच आलात. स्लाइड मी रंगवली, मी पाहिली. दोनदा पाहिली, मग दुसऱ्या बाटलीतून नवी करून पुन्हा पाहिली. मायक्रोस्कोपवरून मान वर केली तेव्हा तुम्ही दारात उभ्या होतात, गणवेशात.

"सांग," तुम्ही म्हणालात. "डॉक्टर गोल गोल बोलतील. तू मला खोटं सांगत नाहीस, म्हणून तुला विचारतेय."

मी सांगितलं. रक्ताचा कर्करोग, आणि लवकर पसरणारा. तुम्ही मान हलवलीत. "बरं झालं सरळ सांगितलंस," म्हणालात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तो हात मला अजून तिथे जाणवतो. एका गोष्टीत मी खरं बोलले, तेवढ्यानेच दुसरी आणखी जड झाली.

पाच आठवडे. तुमच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. शेवटच्या बुधवारी दुपारी तुम्ही थोड्या बऱ्या होतात. मी संत्र सोलून देत होते. खोलीत आपण दोघीच. मी ठरवून आले होते. पहिलं वाक्यसुद्धा बसमध्ये तयार केलं होतं. ताई, तो उतारा वाचता आला होता.

तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "शैला, तुझ्या वडलांना माझा नमस्कार कळव. त्या कागदासाठी त्यांनी म्हाताऱ्या डोळ्यांना किती ताण दिला असेल."

माझं वाक्य गेलं. मी संत्र्याच्या फोडींच्या शिरा काढत राहिले, एक एक, जितक्या हळू काढता येतील तितक्या. तुम्ही दोन फोडी खाल्ल्यात. शुक्रवारी सकाळी गेलात.

तुम्हाला घेऊन मी देशात गेले. यजमानांनी सगळी कागदपत्रं केली. मुंबईहून गाडीने मिशन कंपाउंड, दुपारी चर्च, संध्याकाळी दफन. तुमच्या वडलांच्या शेजारीच जागा मिळाली. माणसं पुष्कळ होती. तुम्ही ज्यांना शाळेत घातलंत त्या भाच्या, पुतण्या, शेजारच्या मुली. सगळ्या रडत होत्या आणि माझे हात धरून म्हणत होत्या, "तुम्ही होतात म्हणून तिकडे आत्याला घर होतं."

तिसऱ्या दिवशी मी शांतवनभाऊंना म्हटलं, मला तुमच्याशी बोलायचं आहे. आम्ही मागच्या अंगणात बसलो. शाळेतून निवृत्त झालेला साधा माणूस, तुमचेच डोळे. मी पर्समधून झेरॉक्सची माझी प्रत काढली आणि बाबांचं पत्र. आधी पहिली नोंद वाचली. मग दुसरी. मग आबांचं नाव सांगितलं, आणि ते माझे कोण ते सांगितलं. मग त्या शुक्रवारी मी तुम्हाला काय सांगितलं तेही. काही ठेवलं नाही.

त्यांनी पानावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पहिलं परत वाचा."

मी वाचलं. बंगल्याखालचा तुकडा, विहीर, दोन खोल्या. साळू, खुद्द.

"खुद्द म्हणजे?"

"म्हणजे ती स्वतः. तिच्या एकटीच्या नावावर."

"पुन्हा वाचा."

मी तिसऱ्यांदा वाचलं. आतून वहिनींनी चहा आणून ठेवला. त्याला कोणी हात लावला नाही.

"ताईने मागच्या वर्षी पत्र पाठवलं होतं," ते म्हणाले. "की आता त्या कागदांचं काही नको. पोरांच्या डोक्यात ते वेड नको. जाळून टाक. मृत्युपत्रं, मिशनचा उतारा, तिच्या वह्या, सगळं मी बंबात घातलं. दोन दिवस पाणी तापलं त्यावर." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरांना सांगितलं मी, तुमच्या पणजीला साहेबाने हाकलून दिलं होतं. त्यांना तेच माहीत आहे."

मी म्हटलं, "मला क्षमा करा, असं म्हणायला मी आले नाही. ते मला म्हणता येणार नाही."

"ताईला शेवटी तरी कळलं होतं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगितलंत?"

आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. मी उत्तर शोधलं, करुणाताई. सत्य आहे म्हणून, तुमचा हक्क आहे म्हणून, पोरांना नीट सांगा म्हणून. ही सगळी उत्तरं खरी होती. आणि त्यांच्या मागे आणखी एक होतं, की हे माझ्याने एकटीने वाहवत नाही. ते त्यांना दिसत होतं. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले.

"तुमची गाडी साडेचारची आहे," ते उठत म्हणाले. "उशीर नको."

मी पिशवी घेतली. वहिनी दारापर्यंत आल्या, ते आले नाहीत. फाटकातून मागे वळून पाहिलं तर ते अंगणात तसेच उभे होते, माझ्याकडे पाठ करून, कागद उजेडाकडे धरून. मोडी त्यांना येत नव्हती. तरी ते बघत होते. बाबांचं पत्र त्यांनी वहिनींच्या हाती मला परत पाठवलं होतं. ते पान पाठवलं नाही, आणि मीही मागितलं नाही.